तिकीट नव्हे, वर्गणी

मावशीच्या तपासणीचा रिपोर्ट संध्याकाळी आला. त्यातला एक शब्द घरात कुणालाच कळेना. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारची होती आणि मधे अख्खी रात्र होती. मी फोनवर तो शब्द टाकला आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं.

पान उघडताच निम्म्या पडद्यावर एक चौकोन आला. तुमचा खासगीपणा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं त्यात लिहिलेलं. खाली ठळक रंगाचं बटण, ‘सर्व मान्य’. त्याच्याखाली बारीक, फिकट अक्षरांत ‘पर्याय पाहा’. ते दाबलं तर कंपन्यांची यादी उघडली. खाली सरकवत गेले, ती संपेचना. शेवटी मी ‘सर्व मान्य’ दाबलं आणि मजकूर दिसायला लागला. ‘हे निदान झालेल्या बहुतेक रुग्णांमध्ये’ इथवर वाचलं, तेवढ्यात वरून एक जाहिरात उतरली. सगळा मजकूर चार बोटं खाली सरकला आणि माझं बोट त्या जाहिरातीवर पडलं. भलतंच काहीतरी उघडलं. परत आले, तर पान पुन्हा पहिल्यापासून. ते एक वाक्य पूर्ण वाचायला मला तीन खेपा घालाव्या लागल्या.

मावशी बरी आहे. ते निदान काळजीचं नव्हतं. पण त्या आजाराच्या जाहिराती पुढे महिनाभर माझ्या मागे होत्या. तपासण्या, विमा, कसल्या कसल्या गोळ्या. शेजारी कुणी बसलेलं असताना फोन उघडायचा मला संकोच वाटायला लागला. जी गोष्ट घराबाहेर कुणालाही सांगितली नव्हती, ती माझ्याच पडद्यावर उघडपणे फिरत होती.

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. ते पान कुणीतरी मन लावून लिहिलं होतं. कुणा जाणकाराने ते तपासलं होतं, आजाराबद्दल नवं काही कळलं तेव्हा बदललंही होतं. त्या माणसांना पगार लागतो, आणि मी त्यांना छदामही दिला नव्हता. त्यामुळे ‘जाहिराती बंद करा’ एवढं बोलून माझी सुटका होत नाही. मग पैसे कुठून यायचे, याचं उत्तर द्यावं लागतं. गेली काही वर्षं मी त्या उत्तराच्या मागे आहे.

जाहिरातीने वाचकाचं भलं केलं आहे, हे आधी सांगते. १८३३ साली बेंजामिन डे याने न्यूयॉर्कमध्ये ‘द सन’ हे वर्तमानपत्र काढलं, तेव्हा तिथली बाकीची वर्तमानपत्रं सहा सेंटला मिळायची. व्यापारी आणि राजकारणी ती घ्यायचे. डे याने किंमत ठेवली एक सेंट. तोटा जाहिरातदारांकडून भरून काढला. रोजंदारीवर काम करणारा माणूस पहिल्यांदा स्वतःचं वर्तमानपत्र विकत घेऊ लागला. नंतर रेडिओ आला, टीव्ही आला, आणि हीच घडी पुढे चालू राहिली. ज्यांच्या खिशात फारसं काही नव्हतं, त्यांच्यापर्यंत बातमी आणि करमणूक पोचली ती बरीचशी जाहिरातीच्या खांद्यावर बसून.

पण त्या जाहिरातीला वाचक कोण आहे हे ठाऊक नव्हतं. साबणवाला वर्तमानपत्राच्या पानावरची जागा विकत घ्यायचा. पान कोण उलटतंय, त्याच्या घरात कोण आजारी आहे, काल रात्री त्याने काय शोधलं, यातलं काहीही त्याला कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

हे बदललं ते फार थोड्या काळात. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर पहिल्या बॅनर जाहिराती झळकल्या. त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली याने कुकी, म्हणजे संकेतस्थळाने पाहुण्याच्या संगणकावर ठेवलेली छोटी नोंद, तयार केली. हेतू साधा होता. संकेतस्थळाला पाहुण्याची आठवण राहावी, खरेदीच्या टोपलीत काय टाकलंय ते दुसऱ्या पानावर गेल्यावर हरवू नये. मग जाहिरात पुरवणाऱ्या कंपन्यांच्या लक्षात आलं की आपली जाहिरात शेकडो संकेतस्थळांवर असते, म्हणजे आपली कुकीही शेकडो ठिकाणी असते, म्हणजे एकच माणूस कुठून कुठे जातो ते आपल्याला दिसतं. पाहुण्याच्या सोयीसाठी ठेवलेली खूणचिठ्ठी पाहुण्याच्या मागावर राहण्याचं साधन झाली. आपोआप वेगळ्या चौकटीत उघडणाऱ्या पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक, ईथन झुकरमन, याने २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. पाळतीवर उभ्या राहिलेल्या जाहिरातीला त्याने इंटरनेटचं मूळ पाप म्हटलं. ज्याने स्वतः हात लावला होता त्या माणसाचं हे बोलणं असल्यामुळे मला ते जास्त मोलाचं वाटतं.

आज पान उघडताना नेमकं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मजकूर अजून यायचा असतो, तेवढ्यात जाहिरातीच्या रिकाम्या चौकोनासाठी लिलाव पुकारला जातो. एक व्यक्ती अमुक पान उघडते आहे, तिचा फोन अमुक प्रकारचा आहे, ती साधारण अमुक भागात आहे आणि तिला ओळखण्याचा क्रमांक हा असा, एवढा निरोप एकाच वेळी कितीतरी कंपन्यांकडे जातो. त्या आपापल्या नोंदींशी तो क्रमांक ताडून बोली लावतात. सगळ्यात वरची बोली जिंकते आणि जाहिरात पानावर येऊन बसते. साधारण एक दशांश सेकंदात हे सगळं उरकतं. आणि या लिलावात हरणाराही रिकाम्या हाताने परत जात नाही. चौकोन एकालाच मिळतो, पण मी रात्री अकरा वाजता कोणत्या आजाराबद्दल वाचत होते हा निरोप बोली लावणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचलेला असतो. तो त्यांच्याकडून परत घेण्याची काही सोय नाही.

बरं, इतकं करून लिहिणाऱ्याला तरी पुरेसे पैसे मिळतात का? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या जाहिरातदारांच्या संघटनेने पीडब्ल्यूसी या हिशेब तपासणाऱ्या कंपनीकडून या पैशांचा माग काढून घेतला. जाहिरातदाराने खर्च केलेल्या रकमेपैकी सरासरी ५१ टक्केच प्रकाशकापर्यंत पोचत होते. उरलेल्यातला मोठा भाग मधल्या मंडळींच्या शुल्कात जात होता, आणि १५ टक्के रक्कम कुठे गेली याचा पत्ताच लागला नाही. लबाड लोक चालवत असलेल्या एखाद्या कोपऱ्याचा हा हिशेब नव्हता. मोठे, नावाजलेले जाहिरातदार आणि प्रतिष्ठित प्रकाशक यांच्यातल्या व्यवहाराचा होता.

मधली मंडळी म्हणजे कोण, हेही पाहायला हवं. प्रकाशकाच्या बाजूने जागा विकायला मदत करणारी यंत्रणा गूगलची, लिलाव भरतो तो बाजार गूगलचा, आणि जाहिरातदाराच्या बाजूने बोली लावणारी मोठी यंत्रणाही गूगलची. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका संघीय न्यायालयाने निकाल दिला की यातल्या प्रकाशकांसाठीच्या यंत्रणेत आणि लिलावाच्या बाजारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केली. विकणाऱ्याचा दलाल, घेणाऱ्याचा दलाल आणि लिलावाचा मालक एकच असेल, तर कुंपणच शेत खातं आहे हे कळायला खरं तर न्यायालयापर्यंत जायची वेळ यायला नको होती. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट म्हणजे गूगलच्याच संस्थापकांनी, सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी, १९९८ च्या आपल्या शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार आणि वापरणाऱ्यांच्या गरजेपासून दूर जाणार. त्यांना हे तेव्हाच दिसत होतं.

पाळत ठेवल्याशिवाय जाहिरातीला भाव मिळत नाही, मग फुकट इंटरनेट बंद पडेल, असं आपल्याला गेली वीस वर्षं ऐकवलं जातं. मला हे आता पटत नाही, आणि त्याला कारणं आहेत. अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मोठ्या माध्यम कंपनीचे लाखो व्यवहार तपासले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला. कुकी असल्यामुळे प्रकाशकाच्या उत्पन्नात पडणारी भर सुमारे ४ टक्के होती. फक्त चार. न्यूयॉर्क टाइम्सने २०१८ मध्ये युरोपात वाचकांच्या वागण्यावर बेतलेल्या जाहिराती थांबवल्या, तरी तिथलं जाहिरातींचं उत्पन्न वाढत राहिलं. नेदरलँड्समधल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२० च्या सुरुवातीला मागावर राहणाऱ्या कुकी पूर्णपणे काढून टाकल्या. पान कशाबद्दल आहे एवढंच पाहून जाहिरात लावायची, वाचक कोण हे विचारायचंच नाही, असं ठरवलं. जानेवारीत त्यांचं ऑनलाइन जाहिरातींचं उत्पन्न आदल्या वर्षीच्या जानेवारीपेक्षा ६२ टक्क्यांनी वाढलं, फेब्रुवारीत ७९ टक्क्यांनी. मधले दलाल गेले आणि त्यांच्या वाट्याचे पैसे घरात राहिले. बागकामाच्या लेखाशेजारी खुरप्याची जाहिरात येऊ द्या. मला तिचा त्रास नाही. कधीकधी उपयोगच होतो.

आणि माझ्यावर पाळत ठेवून मिळतं तरी किती? फेसबुकची मालक कंपनी मेटा दर तिमाहीला एका वापरकर्त्यामागे किती उत्पन्न झालं ते जाहीर करायची. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका-कॅनडामध्ये तो आकडा ६८ डॉलरच्या वर होता. आपण ज्यात मोडतो त्या आशिया-पॅसिफिकमध्ये तो साडेपाच डॉलरच्या आसपास होता. तीन महिन्यांचे साडेपाच. माझी कुतूहलं, माझे आजार, माझी रात्रीची अस्वस्थता, या सगळ्याच्या मोबदल्यात महिन्याला दोन डॉलरसुद्धा नाहीत. कंपनीला ते परवडतं, कारण माणसं अब्जावधी आहेत. पण एकेका माणसाच्या बाजूने पाहिलं तर रक्कम इतकी लहान आहे की ती दुसऱ्या मार्गाने उभी करणं अशक्य आहे असं कुणी म्हणू नये.

दुसरे मार्ग कोणते, इथे खरी चर्चा सुरू होते. ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर, हा मार्ग नाही. मी स्वतः तो वापरते, कारण वरचं सगळं माहीत असताना न वापरणं मला जमत नाही. पण चोर सोडून संन्याशाला फाशी असा तो प्रकार आहे. महाकाय कंपन्या त्यातून वाट काढतात, ज्यांची जाहिरात साधी आणि सभ्य आहे अशा छोट्या संकेतस्थळाचं नुकसान होतं. संमतीच्या चौकोनांनीही काही साधलं नाही. २०१८ मध्ये युरोपात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला, त्याचा हेतू चांगला होता. पण घाईत असलेल्या, काळजीत असलेल्या माणसासमोर मोठं बटण आणि फिकट बटण ठेवून मिळवलेली ती संमती कसली?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मेटाने युरोपातल्या लोकांपुढे वेगळाच पर्याय ठेवला. पाळत नको असेल तर महिन्याला ९.९९ युरो भरा, भरायचे नसतील तर पाळत चालवून घ्या. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने या पद्धतीबद्दल कंपनीला २० कोटी युरो दंड केला. मला या प्रस्तावाचा सगळ्यात जास्त राग आला. त्यात लेखाची किंमत मागितलेली नव्हती. सेवेची किंमतही मागितलेली नव्हती. आपल्याकडे कुणी डोकावू नये याची किंमत मागितली होती. हे एकदा रूढ झालं की खासगीपणा ऐपतीवर ठरेल. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या खिडकीला पडदा, बाकीच्यांची खिडकी उघडी.

मग सरळ पैसे घ्या आणि वाचायला द्या, असं बरेच जण म्हणतात. २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पेवॉल, म्हणजे पैसे भरल्याशिवाय मजकूर न दाखवणारी भिंत, उभी केली, तेव्हा पुष्कळांनी ती पडणार असं भाकीत केलं होतं. आज त्यांचे वर्गणीदार एक कोटीच्या वर आहेत. फ्रान्समध्ये ‘मेदियापार’ हे बातम्यांचं संकेतस्थळ २००८ पासून एकही जाहिरात न घेता निव्वळ वर्गणीवर चालतं आणि सत्ताधाऱ्यांना घाम फोडतं. म्हणजे लोक पैसे देतात. पण किती लोक, आणि किती जणांना? रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या दरवर्षीच्या पाहणीत, तुलनेने श्रीमंत अशा वीस देशांत ऑनलाइन बातम्यांसाठी पैसे देणाऱ्यांचं प्रमाण कित्येक वर्षं १७-१८ टक्क्यांवर अडकलं आहे. त्यातलेही बहुतेक जण एकच वर्गणी घेतात, आणि ती बहुधा सगळ्यात मोठ्या नावाची असते. मोठा अधिक मोठा होतो. गावपातळीवरच्या कारभाराची बातमी देणाऱ्या चार जणांच्या चमूला त्यातलं काही मिळत नाही.

वर्गणी घ्यायला एक क्लिक आणि सोडायला दहा, हा अनुभव तर सगळ्यांना असेल. एका प्रकाशनाची वर्गणी बंद करायला मला फोन करावा लागला होता. पलीकडच्या मुलीने तीनदा सवलत देऊ केली आणि चौथ्यांदा कारण विचारलं. तिची ती नोकरी होती, तिच्यावर माझा राग नाही. ज्यांनी ती पद्धत आखली त्यांच्यावर आहे.

पण पेवॉलवरचा माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ज्या रात्री मी मावशीच्या आजाराबद्दल शोधत होते, त्या रात्री तज्ज्ञांनी लिहिलेली दोन पानं पैसे मागत होती, आणि चमत्काराने बरं करून देतो म्हणणारी पानं सताड उघडी होती. खोट्याला भिंतीची गरज नसते. त्याला पसरायचं असतं, त्याचा खर्च कमी असतो आणि त्यामागे कुणाचा तरी दुसरा फायदा असतो. खऱ्याला खर्च येतो. त्या खर्चापायी आपण खऱ्याला भिंतीआड ठेवत गेलो, तर बाहेर उघड्यावर काय उरेल? ज्याला माहितीची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच बहुतेक वेळा पैसे देऊ न शकणारा असतो. शिवाय भाकरी दोघांत वाटली की अर्धी होते, तसं लेखाचं होत नाही. लिहून झाल्यावर तो हजारांनी वाचला काय आणि लाखांनी वाचला काय, लिहिण्याचा खर्च तोच राहतो. अशा वस्तूच्या दारावर तिकीट लावणं म्हणजे कुणाचाही फायदा न होता कुणाला तरी बाहेर ठेवणं.

तिकीट अगदी लहान ठेवलं तर? एका लेखाला अगदी नाममात्र रक्कम? ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. पान सापडलं नाही की ४०४ हा आकडा दिसतो, तो सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याच पंक्तीत ४०२ आहे. त्याचा अर्थ ‘पैसे भरणं आवश्यक’. वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हा क्रमांक पुढे कधीतरी लागेल म्हणून राखून ठेवला, आणि तो तसाच पडून राहिला. इंटरनेटवर रोखीसारखे पैसे भरण्याची सोय देणारी डेव्हिड चॉम यांची डिजिकॅश ही कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. नेदरलँड्समधल्या ‘ब्लेंडल’ने २०१४ मध्ये एकेक लेख सुटा विकायला सुरुवात केली. लेख आवडला नाही तर पैसे परत, इतकी वाचकाची बाजू त्यांनी घेतली होती. २०१९ मध्ये त्यांनीही तो मार्ग सोडला आणि महिन्याच्या वर्गणीकडे वळले. महिन्याची ठरलेली रक्कम आवडलेल्या मजकुरांत वाटून देणारं ‘फ्लॅटर’ २०१० मध्ये निघालं, २०२३ मध्ये बंद झालं.

याचं कारण संगणकशास्त्रज्ञ निक झाबो यांनी नव्वदच्याच दशकात सांगितलं होतं. रक्कम कितीही लहान केली तरी निर्णय लहान होत नाही. प्रत्येक दुव्यापाशी थांबून ‘हा लेख तेवढ्या किमतीचा असेल का’ असं स्वतःला विचारायचं, आणि तेही तो वाचण्याआधी. मी ब्लेंडलसारखी एक सेवा काही महिने वापरून पाहिली आहे. खर्च नगण्य होता, पण आठवडाभरात माझं वाचन बदललं. अनोळखी विषयावरचा लेख मी उघडेनाशी झाले. आधीच माहीत असलेल्या लेखकाचं, आधीच पटलेलं मत तेवढं वाचायला लागले. मीटर चालू असला की माणूस भटकत नाही, आणि वाचनातलं अर्धं सुख भटकण्यात आहे.

त्या ४०२ ची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या कंपनीने त्याला कामाला लावलं, पण माणसांसाठी नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे बॉट पानं वाचून नेतात, त्यांच्याकडून दर खेपेचे पैसे मागण्यासाठी. मला हे योग्य वाटतं. यंत्राला निर्णयाचा शीण येत नाही, त्याच्याकडून थेंबाथेंबाने घेता येतं. आणि आता ते निकडीचंही आहे. लोक प्रश्न विचारतात, यंत्र उत्तर रचून देतं, आणि ज्या पानावरून ते उत्तर आलं ते पान कुणी उघडतच नाही. तिथे जाहिरातही दिसत नाही आणि पेवॉलही कामाची राहत नाही. लिहिणाऱ्याच्या दोन्ही वाटा एकदम बंद होतात. त्याच्या श्रमावर ज्यांनी यंत्रं शिकवली, त्यांनी मोबदला दिलाच पाहिजे.

वाचकाकडून घ्यायचं तर कसं, यावर मला आपल्या भाषेतच वाट सापडली. ‘वर्गणी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. मासिकाची वर्गणी म्हणजे मी पैसे भरले, मला अंक आला. न भरणाऱ्याला अंक नाही. पण वर्गणी काढतात असंही आपण म्हणतो. काहीतरी सगळ्यांसाठी करायचं असतं, ज्याला जेवढं जमेल तेवढं तो देतो, आणि जे उभं राहतं ते न देणाऱ्यालाही तितकंच खुलं असतं. पहिली वर्गणी खरं तर तिकीटच आहे. मी बोलते आहे ते दुसरीबद्दल.

ही भाबडी कल्पना आहे असं कुणी म्हणेल. तिच्यावर जगातला सगळ्यात मोठा ज्ञानकोश चालतो. २००२ मध्ये विकिपीडियावर पुढे जाहिराती येऊ शकतात असा नुसता उल्लेख झाला, तर स्पॅनिश विकिपीडियावरचे बरेच स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र ज्ञानकोश काढला. त्याच वर्षी विकिपीडियाने जाहिराती घेणार नसल्याचं सांगितलं आणि आपला पत्ता डॉट कॉमवरून डॉट ऑर्गवर नेला. आजही तिथे जाहिरात नाही, भिंत नाही, पाळत नाही. खर्च निघतो तो मुख्यतः लाखो लोकांच्या छोट्या देणग्यांतून. त्या स्पॅनिश स्वयंसेवकांचे आपल्यावर फार उपकार आहेत.

विकिपीडियाचे लेखक बिनपगारी असतात, बातमीदार तसे राबू शकत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राकडे पाहावं. त्यांच्या पाठीशी १९३६ मध्ये स्थापन झालेला न्यास आहे, ते जाहिरातीही घेतात, पण तोटा इतका वाढला होता की त्यांनाही भिंत उभारावी लागेल असं वाटत होतं. त्यांनी लेखाखाली विनंती छापायला सुरुवात केली. हे सगळ्यांसाठी खुलं राहावं म्हणून जमल्यास मदत करा. तीन वर्षांत दहा लाखांहून जास्त लोकांनी पैसे दिले, आणि २०१९ मध्ये दोन दशकांत पहिल्यांदा त्यांच्या कारभाराचा हिशेब तोट्यातून बाहेर आला. नेदरलँड्समधलं ‘डी कॉरस्पाँडंट’ हे ऑनलाइन नियतकालिक २०१३ मध्ये वाचकांनी आधीच भरलेल्या सुमारे दहा लाख युरोंवर उभं राहिलं. तिथे पैसे भरणारा सभासद कुठलाही लेख कुणालाही पाठवू शकतो आणि समोरच्याला तो पूर्ण वाचता येतो. स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूपेक्षा दुसऱ्याला देता येणारी वस्तू माणसाला जास्त आपली वाटते, असं मला यातून दिसतं.

न देणारे बहुसंख्य असतील, हे मला मान्य आहे. शंभरातले पाच जण देतील. पण वर सांगितलं तसं, उरलेल्या पंच्याण्णवांनी वाचल्यामुळे खर्च जवळपास वाढत नाही. त्यांना फुकटे म्हणणं मला आवडत नाही. त्यांच्यात विद्यार्थी असतात, नोकरी गेलेले असतात, रात्री घाबरून एखादा शब्द शोधणारे असतात. उद्या त्यांच्यातलाच कुणी देणारा होतो.

या मार्गाची एक उणीव मात्र मला सतावते. देणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटतं तेच टिकतं. ज्या वस्तीत देणारेच नाहीत, त्या वस्तीची बातमी कोण देणार? इथे सार्वजनिक पैशांचा विचार करावाच लागतो, आणि त्यात नवं काही नाही. ब्रिटनमध्ये प्रसारणासाठी परवाना शुल्क १९२२ पासून आहे. जर्मनीत २०१३ पासून प्रत्येक घरामागे ठरावीक शुल्क घेतलं जातं. फिनलंडने त्याच वर्षी त्यासाठी स्वतंत्र कर लावला. भीती उघड आहे. सरकारच्या हातून पैसे आले की सरकारची मर्जी आलीच. म्हणून मला अर्थतज्ज्ञ डीन बेकर यांनी २००३ मध्ये कलावंतांसाठी मांडलेली कल्पना जास्त पटते. सरकारने प्रत्येक नागरिकाच्या नावे एक छोटी रक्कम ठेवायची, ती कुणाला द्यायची हे त्या नागरिकाने ठरवायचं, आणि ज्याने ती घेतली त्याने आपलं काम सगळ्यांना मोकळं ठेवायचं. पैसे सगळ्यांचे, निवड एकेकाची, दार उघडं. ज्याच्याकडे स्वतःचं देण्याजोगं काही नाही, त्याच्या हातातही मग श्रीमंताइतकंच मत येतं. बातम्यांच्या बाबतीत हा प्रयोग एखाद्या देशाने मोठ्या प्रमाणावर करून पाहावा असं मला फार वाटतं. गैरवापर होईल, खोटी संकेतस्थळं उगवतील, हे धरूनच चालावं लागेल. आजच्या जाहिरात बाजारात तीच संकेतस्थळं बिनबोभाट पैसे कमावत आहेत.

आणि कायद्याकडून मागणं एकच आहे. जाहिरातीच्या लिलावात माणसाची ओळख पाठवायला सरळ बंदी घाला. संमतीचा चौकोन नको, पर्यायांची यादी नको. पानाचा विषय पाठवा, वाचकाचा क्रमांक पाठवू नका. जाहिरात राहील, पैसेही राहतील, कदाचित लिहिणाऱ्याच्या वाट्याला आजच्यापेक्षा जास्त येतील.

मी सध्या तीन ठिकाणी दर महिन्याला थोडे थोडे पैसे देते. तिन्ही ठिकाणं न देणाऱ्यालाही पूर्ण खुली आहेत. त्यातलं एक आजारांची माहिती साध्या भाषेत देतं. मावशीच्या रिपोर्टमधला तो शब्द मी मागाहून तिथे शोधला, तर पान लगेच उघडलं आणि मजकूर जागचा हलला नाही. ‘हे निदान झालेल्या बहुतेक रुग्णांमध्ये’ यापुढचं वाक्य दोन ओळींचं होतं. आमच्या घरात आता कुणी आजारी नाही, त्यामुळे गेल्या वर्षभरात मी ते संकेतस्थळ क्वचितच उघडलं असेल. पैसे चालू ठेवले आहेत.